शेऱ्याचा रकाना

आमचा भुईमूग उपटून रानात पडला होता आणि आभाळ भरून आलं होतं. असल्या वेळी माणूस जेवण विसरतं, दुखणं विसरतं, भांडणसुद्धा पुढं ढकलतं. मी काही भांडण पुढं ढकलणारी बाई नाही. तरी त्या दिवशी सकाळपासून तोंड मिटून बसले होते. यावरूनच आभाळ कसलं होतं ते समजून घ्या.

आमच्याकडे शेंगा तोडायला मजूर लावत नाहीत. सगळ्या बायका मिळून आज हिच्या रानात, उद्या तिच्या. त्या दिवशी शिंपिणीच्या रानात होतो, दुसऱ्या दिवशी माझी पाळी. आपण दुसरीकडे दांडी मारली की आपल्या रानात कुत्रं फिरकत नाही. त्यामुळं त्या दिवसांत कोणी आजारी पडत नाही, कोणाकडे पाहुणा येत नाही, आणि कचेरीत तर जीव गेला तरी कोणी जात नाही.

नेमका तेव्हाच कारकुनाला वरून हुकूम आला होता. गावातल्या प्रत्येक माणसाची नोंद त्याची त्याला दाखवा, बरोबर-चूक विचारा आणि पुढं पाठवा. कारकून पापभीरू माणूस. शिव्या खाऊन घेतो, उलट बोलत नाही. त्यानं विचार केला, माणसं कचेरीत येत नाहीत तर कचेरीच त्यांच्या हातात देऊ. आणि गावाचा जो ग्रुप आहे, हरवलेल्या शेळीपासून पाण्याच्या वेळेपर्यंत सगळं ज्यावर येतं, त्यावर त्यानं सबंध गावाची नोंद टाकून दिली. खाली लिहिलं, 'आपापली ओळ बघावी. चूक असल्यास कळवावे. सुगी सोडून कोणी येऊ नये.'

काय मेला कनवाळूपणा!

आम्ही रिंगण करून बसलो होतो. कमरेला खोचलेले, डब्याच्या पिशवीत कोंबलेले फोन एकदम टुणटुणले. पहिला हात पुसला तो रेडिओनं. रेडिओ म्हणजे माझी शेजारीण. तिला सांगितलेली गोष्ट चहा गार व्हायच्या आत गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचते, म्हणून ते नाव.

"अगं बाई, शिंपिणीचं वय बघा! ही तर माझ्या आईबरोबरची निघाली."

"तू तुझं बघ आधी," शिंपीण म्हणाली.

सगळ्या हसल्या. मग प्रत्येकीनं फोन काढला. नाव, फोटो, वय, मूळ गाव, फोन नंबर, बँकेचा खातेनंबर, आजार, अडीअडचणीला कोणाला कळवायचं, सगळं होतं. शेवटी शेऱ्याचा रकाना. आपल्या आठवणीसाठी कारकून त्यात काहीबाही लिहीत असे. 'ऐकू कमी येते, मोठ्याने बोलावे.' 'दुपारनंतर भेटू नये, प्यालेला असतो.' हे वाचताना तर रेडिओच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. मग तिची स्वतःची ओळ आली. तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. शिंपिणीनं तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. नंतर मीही पाहिलं. 'मुलगा शहरात. विचारत नाही.' एवढंच होतं. रेडिओनं फोन खाली ठेवला आणि खाली मान घालून शेंगा तोडायला लागली.

मी आमच्या घराची ओळ शोधली. बोटांची माती काचेला लागत होती, पुन्हा पुन्हा पुसत होते. आमचे हे, मी, आणि तिसरी ओळ वन्संची.

वन्सं म्हणजे माझी फुकटात मिळालेली ननंद. रक्ताची नाही. मागच्या वर्षी बाहेरगावच्या एका टोळीबरोबर कामाला आली होती. आमच्याच बांधावर तापानं पडली. उशाचं गाठोडं कानाच्या रक्तानं भरलेलं. टोळी पुढं गेली, ही राहिली. यांना दादा म्हणाली, झालं! 'आधीच घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं,' असं मी तेव्हा म्हटलं होतं, आणि तिच्या देखतच म्हटलं होतं. वयानं माझ्याहून लहान, म्हणून तोंडावर अहो-जाहो आणि मनात अगं-तुगं. नवरा दूर कामाला असतो, असं आम्ही गावात सांगितलेलं. खरं काय ते आम्हा दोघांना ठाऊक होतं, आणि तिसरं कारकुनाला. दवाखान्यात गावची नोंद असल्याशिवाय कानाचं औषध देईनात, म्हणून तिला नोंद करावी लागली होती. तेव्हा तिनं त्याला विचारलं होतं, "हे बाहेर नाही ना जाणार?" तो म्हणाला होता, "माझ्या बहिणीसारख्या तुम्ही. मी तसं लिहूनच ठेवतो."

तसं त्यानं लिहूनच ठेवलं होतं. फोटो, मूळ गाव, आमचं घर. फोन नंबर माझा, कारण तिच्याकडे फोन नाही. आजार : उजव्या कानाचा पडदा फाटलेला, मारहाणीमुळे. शेरा : 'नवऱ्यापासून लपून राहते. पत्ता कोणालाही सांगू नये.'

आणि हे त्यानं गावातल्या प्रत्येक फोनवर पाठवलं होतं.

वन्सं समोरच बसल्या होत्या. त्यांना वाचता येतं, पण माझं तोंड बघून वाचायची गरज पडली नाही.

"काय झालं वहिनी?"

"काही नाही. पोटात कळ आली," मी म्हटलं आणि उठले. पाळी मोडून उठलेली बाई मी कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी मीच उठले.

कारकून डबा खात बसला होता.

"काढा ते आधी," मी दारातूनच म्हटलं.

"काय काढू?"

"ग्रुपवर टाकलंत ते. सगळं."

"अहो, चूक असेल तर सांगा ना. दुरुस्त करायलाच तर..."

"आमच्या वन्संचा शेरा वाचा. मोठ्यानं वाचा."

त्यानं वाचला, पण मनातल्या मनात. ओठ हलत होते. घास हातातच राहिला.

"मी तर काळजीपोटी लिहिलं होतं," तो म्हणाला. "उद्या या खुर्चीवर दुसरा आला तर त्याला कळावं, की हे कोणाला सांगायचं नाही."

"आणि तुम्ही सांगितलंत कोणाला? सांगायचं गावातलं वासरूसुद्धा सोडलं नाहीत. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हेच."

त्यानं हात न धुताच फोन घेतला. बराच वेळ खटपट करून म्हणाला, "पुसलं. आता कोणालाच दिसणार नाही."

"आणि ज्यांनी आधीच उतरवून घेतलं? पुढं पाठवलं?"

त्याचा चेहरा इतका पडला होता, की दुसऱ्या कशासाठी असता तर मला दया आली असती. बैल गेला नि झोपा केला. वर आणखी झोप्याला कुलूप.

तेवढ्यात अध्यक्षीणबाई आल्या. गावाचा कारभार त्यांच्याकडे. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बोभाटा करू नकोस. गावात परकं कोण आहे? सगळे आपलेच. वर कळलं तर या गरिबाची नोकरी जाईल."

"वर कळवायलाच पाहिजे. पोलिसांनाही सांगायला पाहिजे. कोणाच्या खात्याचे नंबर गेलेत, कोणाची दुखणी गेलीत. प्रत्येक घरी जाऊन सांगा की तुमचं हे हे बाहेर गेलंय, सावध राहा."

"एवढं काय त्यात? नावगावच तर आहे."

"तुमच्या सूनबाईंच्या ओळीत आजाराच्या रकान्यात काय आहे, ते मी वाचलंय," मी म्हटलं. "नावगावच तर आहे. वाचून दाखवू?"

बाईंचा चेहरा पांढरा पडला. मी ते बोलायला नको होतं असं कोणी म्हणेल. म्हणू दे. बाई खुर्चीत बसल्या आणि कारकुनाला म्हणाल्या, "वर फोन लाव. आत्ता."

परत येताना रेडिओ वाटेतच उभी होती.

"मी लेकीला पाठवलं गं," ती म्हणाली. "शिंपिणीच्या वयावर हसायला. तिनं तिच्या सासरच्या ग्रुपवर टाकलं. मी आत्ता फोन केला, काढ म्हटलं. ती म्हणते, आई, ते कधीच पुढं गेलं."

खरं म्हणजे बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं, पण दम नव्हता.

संध्याकाळी घरी तिघं बसलो. मी वन्संना सगळं सांगितलं. त्या दाभणात सुतळी ओवून फाटलेली पोती शिवत होत्या. ऐकता ऐकता त्यांचं शिवणं थांबलं नाही, फक्त टाके जवळजवळ पडायला लागले.

"येऊ दे त्याला," आमचे हे म्हणाले. "तंगडं मोडून ठेवतो."

"तुमची स्वतःची कंबर सरळ होत नाही सकाळी," मी म्हटलं. "पोलिसांत जाऊ."

"पोलिसांनीच मला दोनदा घरी नेऊन सोडलं होतं," वन्सं म्हणाल्या. "नवरा-बायकोचं आहे, मिटवून घ्या म्हणाले."

तेवढ्यात माझा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून एक गोड आवाज आला, "नमस्कार, आपल्या गावच्या कचेरीतून बोलतोय. आपल्याकडे आपल्या ननंद राहतात ना? पडताळणी करायची होती."

हो, असं म्हणायला मी तोंड उघडलंच होतं. पण आमच्या कचेरीत 'आपण-आपल्या' कोण करतंय? तिथं फार तर 'अहो, तुम्ही'. मी म्हटलं, "कोण ननंद? राँग नंबर," आणि ठेवला.

मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. पण वन्संच्या हातातलं दाभण खाली पडलं. फोनमधून आवाज बाहेर आला होता, आणि त्यांचा डावा कान चांगला आहे.

"तोच," त्या म्हणाल्या.

"आत्ताच्या आत्ता माझ्या माहेरी चला. भाऊ माझा खमक्या आहे."

"तुझा भाऊ त्यातच आहे वहिनी. अडचणीला कोणाला कळवायचं, तिथं त्याचंच नाव दिलं होतं. गावासकट."

आमच्या ओळखीचं, जीव लावणारं, दार उघडणारं जे जे होतं, ते सगळं आम्हीच आपल्या तोंडानं लिहून दिलं होतं. अशी चीड आली की समोरचं पोतं उचलून भिंतीवर आपटलं.

"मग कुठं जाणार?"

"बघते. पण उद्याचं रान उरकल्यावर. आभाळ बघितलंस ना? एक हात कमी पडला तर कुजेल सगळं. माझ्यापायी तुमचं वर्ष वाया घालवायचं नाही."

"शेंगा गेल्या खड्ड्यात!"

"खड्ड्यातून काढल्यात, आता परत नको घालूस," असं म्हणून त्या हसल्या. असल्या वेळी हसणाऱ्या बाईला काय म्हणायचं? मी आत जाऊन भांडी आदळत बसले.

सकाळी आमच्या रानात सगळ्या आल्या, एकही कमी नव्हती. पाला अर्धवट वाळला होता, झटकला की धूळ नाकातोंडात जाई, म्हणून सगळ्यांनी तोंडाला फडकी गुंडाळली होती. नुसते डोळे उघडे. रिंगणात वन्संच्या एका बाजूला रेडिओ येऊन बसली, दुसऱ्या बाजूला शिंपीण. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. शेरा मात्र सगळ्यांनी वाचला होता.

दुपार होता होता बांधाजवळ मोटारसायकल थांबली. उतरलेला माणूस उंच, कपडे स्वच्छ, केस नीट बसवलेले. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पण वन्संचे हात थांबले आणि लगेच पुन्हा चालू झाले, ते मी पाहिलं.

"नमस्कार ताई," तो बांधावरून म्हणाला. आवाज कालचाच. "घरी कुलूप होतं. दुकानातल्यांनी रान दाखवलं."

"कोण पाहिजे?"

त्यानं खिशातून फोन काढला, बघून नंबर लावला आणि कानाला न लावता हातात धरून उभा राहिला. माझ्या कमरेला फोन वाजायला लागला. सगळ्या रानात तेवढाच आवाज. मी बंद करीपर्यंत तो वाजत राहिला.

"म्हणजे बरोबर जागी आलो," तो म्हणाला आणि दोन पावलं पुढं आला.

"बूट घालून शेंगांत पाय ठेवू नका!" मी ओरडले. माझा आवाज किती चढतो ते मलाच तेव्हा कळलं. "वर्षभराचं पोट पसरलंय इथं. तिथंच उभं राहून बोला."

तो थांबला. शेतकऱ्याचाच मुलगा असावा, पसरलेल्या शेंगा तुडवणं त्याच्याही पायाला जमलं नाही.

"माझी बायको तुमच्याकडे राहते."

"राहत होती. गेली."

"कधी?"

"झाले पुष्कळ दिवस."

"नोंद तर आहे."

"नोंदीचं काय सांगता! माझी सासू वारली, तिची पण आहे. तिच्या नावानं अजून लसीला बोलावतात."

"का गेली?"

याचं उत्तर मी तयार ठेवलं नव्हतं. आणि मला बोलायला एवढा वेळ लागावा हे पाहून त्याचे डोळे बारीक झाले. तेवढ्यात रेडिओ बोलली. म्हटलं, आता संपलं.

"का म्हणजे काय?" रेडिओ म्हणाली. "हिच्या तोंडापुढं कोण टिकलंय? दोन घास देते आणि चार ऐकवते. हिचा नवरा बहिरेपणाचं सोंग घेऊन दिवस काढतोय. ती बिचारी एक दिवस पिशवी उचलून निघाली. आम्ही सगळ्यांनी बघितलं."

"मीच एसटीपर्यंत पोचवलं," शिंपीण म्हणाली. "रडत होती. वहिनी आहे का कैदाशीण, म्हणाली."

सगळं रिंगण हसलं. फडक्याआडून हसलेलं खरं की खोटं, ते कळत नाही. माझी गावात काय कीर्ती आहे ते त्या दिवशी मला ऐकायला मिळालं, आणि मी आयुष्यात इतकी कोणाची ऋणी झालेली नाही.

पण तो गेला नाही. "ऊन उतरेपर्यंत बसतो," म्हणाला आणि बांधावरच्या झाडाखाली आमच्याकडे तोंड करून बसला.

त्यानंतरची दुपार वैऱ्यावर येऊ नये. तो एकेका बाईकडे बघत होता. फडकं सोडता येईना, म्हणून कोणी पाणी प्यायलं नाही. पाण्याची घागर मधोमध होती आणि तिच्याकडे कोणी हात नेत नव्हतं. ढगांमुळं उकाडा असा, की घाम डोळ्यांत उतरून झोंबत होता. वन्संच्या हातून शेंगा तुटत नव्हत्या, झाडं तशीच मागं पडत होती. शेजारी एवढा ढीग आणि यांची पाटी रिकामी, हे बांधावरूनही दिसलं असतं. मग रेडिओ हात झटकायचं निमित्त करून आपली ओंजळ त्यांच्या पाटीत टाकायला लागली. इकडून शिंपीण. मग पाटी रिती करायला उठलेली प्रत्येक बाई तिथूनच वळसा घेऊन जायला लागली, जाता जाता मूठभर टाकून.

आणि अचानक त्यानं हाक मारली. वन्संच्या नावानं, खणखणीत, घरात मारावी तशी.

तीन-चार बायका दचकून वळल्या. माझीही मान फिरली. वन्संची नाही फिरली. त्या तशाच खाली वाकून शेंगा तोडत राहिल्या, कारण त्यांचा उजवा कान त्याच्याकडे होता. तोच कान, जो त्यानं फोडला होता.

तो पुन्हा खाली बसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण पुसायची चोरी.

ऊन उतरलं नाही, वारंच सुटलं. आधी पाला उडाला, मग रिकाम्या पाट्या, मग धुळीचा लोट आला आणि टपोरे थेंब पडायला लागले. सगळ्या किंचाळत उठल्या. "ताडपत्री! ताडपत्री धरा!" ताडपत्री फडफडून हातातून सुटायला लागली. मी एक कोपरा धरला, रेडिओनं दुसरा, वन्संनी धावत जाऊन तिसरा. चौथा वाऱ्यावर उडत होता. तो त्या माणसानं धरला.

हो, त्यानंच. बूट बांधावर काढून धावत आला होता. शेतकऱ्याचा हात, पीक भिजताना बघवलं नसेल. तो समोरासमोर वन्संच्या, मधे फक्त ताडपत्री. "ओढा!" तो ओरडला. वन्संनी ओढलं. "अजून! खाली बसा तिच्यावर!" त्या बसल्या. फडक्यावर दाट धूळ, डोळे मिटलेले. त्या माणसाच्या हुकमावर त्या एवढी वर्षं अशाच उठल्या-बसल्या असतील, असं माझ्या मनात आलं आणि हातातली दोरी सोडून त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. पण मी दोरी धरून ठेवली.

त्याच वेळी आमचे हे ट्रॅक्टर घेऊन आले. भरलेली पोती पाऊस वाढायच्या आत घरी न्यायची होती. "चढा, चढा पटापट," रेडिओ ओरडली आणि बायका पोत्यांवर चढल्या. वन्संना शिंपिणीनं हाताला धरून वर ओढलं. मी आणि तो माणूस ताडपत्रीच्या कडांवर दगड ठेवत होतो. मी मुद्दाम त्याला लांबच्या कडेला नेलं. "इथं ठेवा, तिथं ठेवा, अहो तो दगड हलतोय." माझ्या पाठीमागं ट्रॅक्टर सुरू झाला. वळून बघायचं नव्हतं. मी वळले नाही.

मग मी त्याला पाणी दिलं. झाडाखाली उभा राहून तो रडायला लागला. खरंच रडला. घर ओस पडलंय म्हणाला, लोक तोंडावर हसतात म्हणाला, मी तिला कधी काही कमी केलं नाही म्हणाला. पावसानं भिजलेला, चिखलानं भरलेला माणूस, माझं पीक वाचवलेला. क्षणभर मला वाटलं, सगळं ऐकीव तर नसेल? पण इतकं रडला, त्यात एकदाही विचारलं नाही, की ती बरी होती का, तिचं दुखणं कसं आहे. बोलला ते सगळं स्वतःचंच.

"सापडेल ती," जाताना म्हणाला. "आता काय, सगळं फोनवरच मिळतं."

दिवे लागायला आमचे हे एकटेच परत आले. मी दारातच उभी होते.

"कुठं सोडलीत?"

"फाट्यावर उतरली. मी म्हटलं पुढं पोचवतो. तर म्हणाली, दादा, तुम्ही बघितलंत तर तुम्हाला माहीत होईल. तुम्हाला माहीत झालं की कोणीतरी विचारेल. आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही." ते खाली बसले आणि डोकं धरलं. "वहिनीला सांगा म्हणाली. काय सांगू, तर म्हणाली, काही नको, नुसतं सांगा."

मी यांच्या अंगावर ओरडले. फाट्यावर सोडली, अंधारात, पावसात, हातात काही नाही! ते ऐकून घेत राहिले. ओरडून झाल्यावर मी तिच्या अंथरुणाची घडी घातली आणि त्यावरच बसून रडले.

तो आणखी एकदा येऊन गेला. पोलीसही आले, वरचे साहेब आले. सगळ्यांची खाती बदलून दिली, घरोघर सांगून गेले. पण शिंपिणीला बँकेच्या नावानं फोन आला आणि ती फसायची ती फसलीच. गावात लोक आता एकमेकांशी बोलताना थांबून बोलतात. शेऱ्याचा रकाना काढून टाकलाय म्हणे.

मग एके दिवशी कारकून दारात आला. पार वाळला होता. त्याची नोकरी राहिली, पण झोप गेली असावी.

"तुमच्या ननंदेची नोंद इथून कमी करायचीय," तो हळू म्हणाला. "कुठं गेल्या ते लिहावं लागतं. रिकामं ठेवलं तर कॉम्प्युटर पुढं जात नाही."

"मग नको जाऊ दे पुढं."

"मी कोणालाही..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

"कारकूनभाऊ," मी म्हटलं, "लपवत नाही. मला खरंच माहीत नाही."

तो उंबऱ्यावर तसाच बसून राहिला. मी त्याला चहा दिला. तो न पिताच गेला.

परवा संध्याकाळी फोन आला. नंबर अनोळखी. उचलला तर पलीकडे कोणी बोलेना, नुसता श्वास. ती असेल. तोही असेल. नाव घ्यावं तर तो असायचा, आणि शिवी द्यावी तर ती असायची. फोन ठेववेना.

मग मी नुसतीच बोलत सुटले. शेंगा भिजल्या नाहीत म्हटलं, दाणा चांगला भरला. यांची कंबर धरलीय, औषध घ्यायला सांगितलं तर माझ्यावरच डाफरतात. रेडिओचा मुलगा शहरातून येऊन गेला, ती रडली आणि मग दिवसभर त्याला बोलत होती. फाटक्या पोत्यांना मी ठिगळं लावायला बसले तर एक टाका सरळ पडेना, काय करणार, ज्याचं काम त्यानं करावं. पलीकडून सगळं ऐकून घेतलं. ठेवला नाही.

माझ्या जिभेवर आलं होतं, कुठं आहेस गं? कोणाजवळ आहेस, कान दुखतो का, जेवतेस का वेळेवर? सगळं आलं होतं. मी ते गिळलं.

"बरं," मी म्हटलं, "मी आता स्वयंपाकाला लागते." आणि पलीकडून ठेवेपर्यंत फोन कानाला लावून तशीच उभी राहिले.